नळीतली तार : मायक्रोफ्लुइडिक चिपमध्ये इलेक्ट्रोड कसे बनतात?

घरात कोणाला डायबेटिस असेल तर ग्लुकोमीटरची पट्टी तुम्ही पाहिलीच असेल. बोट टोचायचं, थेंब पट्टीच्या टोकाला लावायचा आणि काही सेकंदांत आकडा हजर! आजी-आजोबा ती रोज वापरतात, पण ती आतून कशी असते हे आपण इंजिनिअर मंडळी कधी बघत नाही. एक्स्पायरी डेट उलटलेली, न वापरलेली एक पट्टी घ्या आणि ब्लेडने तिचे थर अलगद सोडवा. प्लॅस्टिकच्या दोन थरांमध्ये एक बारीक फट दिसेल. ती रक्ताची नळी. तिच्या तळाशी दोन-तीन काळ्या किंवा सोनेरी रेघा दिसतील. ते इलेक्ट्रोड. बिस्किटात चहा चढावा तसं रक्त या फटीत आपलं आपण चढतं. तिथल्या एन्झाइमशी साखरेची रिॲक्शन होते, इलेक्ट्रॉन सुटतात आणि मीटर तो करंट मोजतो. असा इलेक्ट्रोकेमिकल ग्लुकोमीटर बाजारात पहिल्यांदा १९८७ साली आला. आजच्या बऱ्याच पट्ट्यांना एक मायक्रोलिटरपेक्षाही कमी रक्त पुरतं.

थोडक्यात, ही पट्टी म्हणजे साधीसुधी मायक्रोफ्लुइडिक चिपच आहे. द्रव वाहणारी नळी आणि वीज वाहणारी तार, दोन्ही एकाच तुकड्यात. आता साखरेच्या जागी रक्तातल्या पेशी मोजायच्या, डीएनए तापवायचा किंवा जंतू वेगळे करायचे म्हटलं तर नळी आणखी बारीक लागते आणि तार तिच्या अगदी शेजारी लागते. अशी जोडी बनवायची कशी? या लेखात एवढाच प्रश्न आहे. उत्तर ऐकून गंमत वाटेल : तारसुद्धा आधी नळीच बनवायची!

(शाळा इंग्रजी मीडियमची असल्यामुळे टेक्निकल शब्द मी इंग्रजीतलेच ठेवलेत. चॅनलला ‘सूक्ष्मप्रणाल’ म्हटलं तर मलाच अर्थ विचारावा लागेल.)

बारीक नळीचा स्वभाव

मायक्रोफ्लुइडिक्समधली चॅनल्स साधारण दहा ते काही शे मायक्रॉन रुंद असतात. आपला केस ढोबळमानाने ७० ते १०० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे केसाएवढी नळी समजा. सेकंड इयरला रेनॉल्ड्स नंबर पाठ केलेला आठवतोय ना? १०० मायक्रॉनच्या चॅनलमध्ये पाणी सेकंदाला १ मिलिमीटर वेगाने जात असेल तर तो नंबर येतो ०.१. पाइपमध्ये टर्ब्युलन्स सुरू व्हायला तो दोन हजारांच्या वर लागतो. त्यामुळे इथे भोवरे नाहीत, खळखळ नाही. दोन प्रवाह एकाच चॅनलमध्ये सोडले तर मेसच्या रांगेत उभी असलेली दोन वेगळ्या बॅचची मुलं जशी, तसे शेजारी शेजारी चालतात, मिसळत नाहीत. मिसळलेच तर फक्त डिफ्युजनने.

पण एवढ्या बारीक नळीत आत काय चाललंय ते कळणार कसं? मायक्रोस्कोपने बघता येतं, पण तो प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात कुठून आणणार? वीज मात्र स्वस्त आहे. करंट मोजायला छोटं सर्किट पुरतं. म्हणून इलेक्ट्रोड हवेत.

तार आतच का हवी?

वॉलेस कूल्टर या अमेरिकन इंजिनिअरला १९५३ साली एक पेटंट मिळालं. कल्पना अगदी सोपी होती. मिठाच्या पाण्यात रक्तपेशी मिसळायच्या आणि त्या एका बारीक भोकातून एकेक करून जाऊ द्यायच्या. मिठाचं पाणी वीज वाहून नेतं, पण पेशीचं आवरण तिला अडवतं. पेशी भोकात आली की तेवढं पाणी बाजूला सरतं आणि रेझिस्टन्स क्षणभर वाढतो. जेवढे पल्स, तेवढ्या पेशी. पॅथॉलॉजी लॅबमध्ये आपलं रक्त मोजणाऱ्या बऱ्याच मशीन्सच्या मुळाशी हेच तत्त्व आहे.

हेच आपण चॅनलमध्ये करू आणि आकडे घालून बघू. चॅनल २० मायक्रॉन रुंद आणि २० मायक्रॉन उंच आहे. दोन इलेक्ट्रोडमध्ये ३० मायक्रॉनचं अंतर आहे. मधल्या जागेचं व्हॉल्यूम १२,००० घन मायक्रॉन. तांबड्या पेशीचं व्हॉल्यूम सुमारे ९० घन मायक्रॉन. म्हणजे पेशीने पाऊण टक्का जागा अडवली. रेझिस्टन्सही साधारण त्याच मापात, टक्काभर बदलतो. चांगला ॲम्प्लिफायर हे सहज पकडेल.

आता तेच इलेक्ट्रोड चॅनलच्या दोन टोकांना, १ सेंटिमीटर अंतरावर ठेवा. चॅनल सगळीकडे तेवढंच रुंद असेल तर मधलं व्हॉल्यूम ४० लाख घन मायक्रॉन होतं आणि पेशीचा वाटा उरतो सुमारे चव्वेचाळीस हजारांत एक. शिवाय एका वेळी कितीतरी पेशी मध्ये असतील त्या वेगळ्या. सिग्नल नॉइजमध्ये बुडाला! कूल्टरचे इलेक्ट्रोड भोकापासून लांबच होते, पण त्याच्याकडे सगळा रेझिस्टन्स त्या एका भोकात एकवटलेला होता. सरळ चॅनलमध्ये ती सोय नाही. तिथे तार अगदी जवळ, मायक्रॉनच्या हिशेबाने जवळ हवी. डिव्हाइस चालणार की नाही हे या जागेवरच ठरतं.

नेहमीची पद्धत आणि तिची डोकेदुखी

आधी चॅनल कसं बनतं ते पाहू. हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या ग्रुपने १९९८ साली जी झटपट पद्धत मांडली, तीच आजही जगभरच्या लॅब्जमध्ये चालते. सिलिकॉनच्या चकतीवर एसयू-८ नावाच्या फोटोरेझिस्टचा थर द्यायचा. चॅनलचं चित्र छापलेली पारदर्शक फिल्म त्यावर ठेवून यूव्ही प्रकाश टाकायचा. प्रकाश लागला तिथे थर कडक होतो, बाकीचा धुऊन जातो. उरलेले उंचवटे म्हणजे आपला साचा. त्यावर पीडीएमएस ओतायचं. हे एक पारदर्शक सिलिकॉन रबर आहे, बाथरूमच्या फटी बुजवतात त्या सीलंटचा भाऊ. दहा भाग पीडीएमएसला एक भाग क्युअरिंग एजंट, व्हॅक्यूममध्ये बुडबुडे काढायचे, ७० अंशांच्या ओव्हनमध्ये दोनेक तास ठेवायचं आणि सोलून काढायचं. साच्यातून खरवस काढावा तसा तुकडा निघतो, खालच्या बाजूला खाचा असलेला. मग ऑक्सिजन प्लाझ्मा दाखवून काचेवर दाबला की तो कायमचा चिकटतो आणि खाचांची बंद नळी होते.

आता तार. नेहमीची पद्धत अशी की काचेवर आधी सोन्याच्या पातळ रेघा काढायच्या. सोनं काचेला धरत नाही, म्हणून आधी क्रोमियम किंवा टायटॅनियमचा सुमारे १० नॅनोमीटरचा थर आणि वर १०० नॅनोमीटर सोनं. यासाठी दुसरा मास्क, दुसऱ्यांदा फोटोलिथोग्राफी आणि व्हॅक्यूममध्ये धातूची वाफ करणारं मशीन, म्हणजेच क्लीनरूम, हे सगळं लागतं.

एवढं करूनही खरी परीक्षा पुढेच असते. पीडीएमएसचा तुकडा त्या रेघांवर नेमका बसवायचा असतो. पीडीएमएस क्युअर होताना तापमानानुसार सुमारे १ ते २ टक्के आकसतं. १ टक्काच धरा. २ सेंटिमीटरच्या चिपवर तो फरक होतो २०० मायक्रॉन. चॅनल २० मायक्रॉनचं आणि चूक २०० मायक्रॉनची! आकसणं आधीच हिशेबात धरून मास्क मोठा काढता येतो, पण मग तापमान तंतोतंत सांभाळावं लागतं आणि शेवटी मायक्रोस्कोपखाली हाताने जुळवणं आलंच. त्यातून सोनं फक्त चॅनलच्या तळाला असतं. वरून जाणाऱ्या पेशीला फील्ड कमी, खालून जाणारीला जास्त.

युक्ती : एकाच साच्यात दोघी बहिणी

व्हाइटसाइड्स यांच्याच लॅबमध्ये २००६-०७ च्या सुमारास ॲडम सीगल आणि सहकाऱ्यांनी हा प्रश्न उलटा केला. तार वेगळी बनवून नळीशी जुळवण्यापेक्षा साच्यातच दोन प्रकारची चॅनल्स काढली तर? एकातून द्रव जाईल, दुसऱ्यात वितळलेला धातू भरायचा. धातू गोठला की चॅनलची तार झाली. दोन्ही चॅनल्स एकाच मास्कवर, एकाच वेळी काढलेली असल्यामुळे त्यांच्यातलं अंतर जुळवायचा प्रश्नच येत नाही. पीडीएमएस आकसलं तर दोन्ही बरोबरच आकसतात. जुळ्या बहिणींची उंची एकाच दारावर मोजावी तसं.

त्यांनी सोल्डर वापरलं, आपल्या इलेक्ट्रॉनिक्स वर्कशॉपमधलं असतं त्याच जातीचं, कमी तापमानाला वितळणारं. अडचण एवढीच की सोल्डर पीडीएमएसला ओलं करत नाही, अळूच्या पानावरच्या पाण्यासारखं गोळा होऊन बसतं. म्हणून चॅनलच्या भिंतींना आतून आधी सल्फरचं टोक असलेल्या एका सिलेनचा लेप दिला. सल्फर धातूला धरून ठेवतो. मग चिप तापवून सोल्डर आत ओढून घ्यायचं आणि थंड करायचं. या पद्धतीला त्यांनी मायक्रोसॉलिडिक्स असं नाव दिलं. २००६ साली त्यांनी याच पद्धतीने चॅनलच्या शेजारी छोटे इलेक्ट्रोमॅग्नेट बनवले आणि प्रवाहातले चुंबकीय कण करंट चालू-बंद करून पकडून दाखवले. रबरातली तार वाकवून तुटली तर? चिप पुन्हा तापवायची, सोल्डर वितळून परत जोडलं जातं.

गॅलियम : न गोठणारी तार

पुढची पायरी आली २००८ साली. मायकेल डिकी, व्हाइटसाइड्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तार गोठायलाच हवी असं काही नाही. गॅलियम २९.८ अंशांना वितळतं. मे महिन्यात अकोल्याच्या हॉस्टेलमध्ये कपाटात ठेवलं तर ते आपलं आपण पातळ होईल. त्यात वजनाने २५ टक्के इंडियम मिसळलं की मेल्टिंग पॉइंट उतरतो सुमारे १५.५ अंशांवर. निफाडची जानेवारीतली पहाट सोडली तर आपल्याकडे ते पातळच राहणार.

आता तुम्ही म्हणाल, पातळ धातू चॅनलमध्ये थांबेल कशाला? पाऱ्यासारखा गोळा होऊन मागे सरेल. पारा खरोखर तसंच करतो. गॅलियमवर मात्र हवा लागताच काही नॅनोमीटर जाडीचं ऑक्साइडचं कातडं येतं, तापवलेल्या दुधावर साय येते तसं. हे कातडं धातूला जागच्या जागी धरून ठेवतं. दाब दिला की साय फाटते आणि धातू पुढे जातो, दाब काढला की नवी साय धरते आणि धातू तिथेच थांबतो.

किती दाब लागतो, याचा हिशेब फार सुंदर आहे. धातू भिंतीला अजिबात चिकटत नाही असं धरलं तर लागणारा दाब म्हणजे दोन गुणिले सरफेस टेन्शन, गुणिले एक भागिले रुंदी अधिक एक भागिले उंची. या धातूचं सरफेस टेन्शन साधारण ०.६ न्यूटन प्रति मीटर आहे, पाण्याच्या आठपटीहून जास्त. चॅनल १०० मायक्रॉन रुंद आणि ५० मायक्रॉन उंच असेल तर उत्तर येतं ३६ किलोपास्कल. वातावरणाच्या दाबाच्या साधारण एक तृतीयांश. सिरिंजवर अंगठा दाबला की काम झालं. फट जर फक्त १० मायक्रॉनची असेल, तर तिच्यात शिरायला मात्र १४४ किलोपास्कल लागतात.

या फरकाचाच फायदा जू-ही सो आणि डिकी यांनी २०११ साली घेतला. द्रवाचं चॅनल आणि धातूचं चॅनल यांच्यामध्ये भिंत न ठेवता त्यांनी बारीक खांबांची रांग ठेवली. दाब असा द्यायचा की धातू आपल्या चॅनलमधून पुढे जाईल, पण खांबांच्या फटीत शिरणार नाही. वरच्या उदाहरणात ३६ आणि १४४ च्या मधला कुठलाही दाब चालेल. धातू खांबांपाशी येऊन थांबतो आणि फटींमधून पलीकडच्या द्रवाला टेकतो. इलेक्ट्रोड तयार! तोही चॅनलच्या पूर्ण उंचीचा, नुसता तळाला नाही.

कोणती तार कुठे?

२ सेंटिमीटर लांबीची तार घेऊन रेझिस्टन्स काढून बघा, व्हायव्हाला उपयोगी पडेल. १०० मायक्रॉन रुंद, १०० नॅनोमीटर जाड सोन्याची रेघ : सुमारे ४९ ओहम. १०० बाय ५० मायक्रॉनच्या चॅनलमधलं गॅलियम-इंडियम : सुमारे १.२ ओहम. गॅलियम-इंडियमची कंडक्टिव्हिटी सोन्यापेक्षा बरीच कमी, तांब्याच्या तर सतरावा हिस्सा, तरीही तार सोन्यापेक्षा चांगली ठरते. कारण ती जाड आहे. त्याच चॅनलमध्ये नुसतं एक मोलर पोटॅशियम क्लोराइडचं पाणी भरलं तर रेझिस्टन्स होतो ३ लाख ६० हजार ओहम. तेही ‘इलेक्ट्रोड’ म्हणून वापरतात! व्हर्जिनिया टेकच्या ग्रुपने २००९ साली पातळ पीडीएमएसच्या पडद्यापलीकडे मिठाचं पाणी ठेवून पेशींवर फील्ड लावलं. करंट फारसा लागत नसेल आणि पेशीला धातू टेकायला नको असेल तर हा उपाय उत्तम.

चौथा मार्ग म्हणजे पीडीएमएसमध्येच कार्बन किंवा चांदीची पावडर मिसळायची. हाँगकाँगच्या एका ग्रुपने २००७ साली असं वाहक पीडीएमएस साच्यात भरून चिपमध्ये बसवलं. पावडर कमी असेल तर कण एकमेकांना टेकत नाहीत आणि वीज अजिबात जात नाही. एका ठरावीक प्रमाणानंतर कणांची साखळी जुळते आणि रेझिस्टन्स एकदम कोसळतो. रबराला रबरच चिकटतं, गळती होत नाही हा फायदा. कार्बनचा रेझिस्टन्स धातूपेक्षा कितीतरी जास्त हा तोटा.

काहीही वापरलं तरी एक पथ्य पाळायचं. १.२३ व्होल्टच्या पुढे डीसी दिला की पाण्याचं विघटन होऊ शकतं. बादलीत बुडबुडा आला तर काही बिघडत नाही, पण ५० मायक्रॉनच्या चॅनलमध्ये एक बुडबुडा म्हणजे लक्ष्मी रोडवर बंद पडलेला ट्रक. म्हणून शक्यतो किलोहर्ट्झमधला एसी वापरतात.

क्लीनरूम नसेल तर?

आपल्यापैकी बहुतेकांच्या कॉलेजात क्लीनरूम नाही आणि लवकर येणारही नाही. पण तार जर साच्यातूनच येत असेल, तर खरी गरज फक्त साच्याची उरते. साचा आपल्या पीसीबी लॅबमध्ये बनू शकतो! नेहमीच्या कॉपर क्लॅड बोर्डवर तांब्याचा थर ३५ मायक्रॉनचा असतो. लेझर प्रिंट काढा, इस्त्रीने टोनर बोर्डवर उतरवा, फेरिक क्लोराइडमध्ये एच करा. उरलेले तांब्याचे ट्रॅक म्हणजे ३५ मायक्रॉन उंचीचे उंचवटे. त्यावर पीडीएमएस ओतलं की चॅनल मिळतं. प्लाझ्मा मशीन नसलं तरी चालतं. एका थरात क्युअरिंग एजंट जास्त आणि दुसऱ्यात कमी घालून दोन्ही अर्धवट क्युअर करायचे, मग एकमेकांवर ठेवून पुन्हा तापवायचे. एकातलं जास्तीचं दुसऱ्यातल्या कमतरतेशी जोडलं जातं. स्टॅनफर्डच्या स्टीफन क्वेक यांचा ग्रुप तेव्हा कॅलटेकमध्ये होता. त्यांनी २००० साली याच तत्त्वावर अनेक थरांच्या चिप्स बनवल्या होत्या. काम करताना लॅटेक्सचे हातमोजे मात्र नकोत. त्यातल्या सल्फरमुळे पीडीएमएस क्युअर होत नाही, चिकट राहतं. नायट्राइलचे वापरा.

या साच्याची मर्यादाही समजून घ्या. इस्त्रीच्या पद्धतीने साधारण २०० मायक्रॉनपेक्षा बारीक फट नीट येत नाही, म्हणून खांबांची युक्ती इथे चालणार नाही. फट आणि चॅनल सारखेच असतील तर धातू दोन्हीकडे शिरेल. मध्ये ३०० मायक्रॉनची सलग भिंत ठेवून कपॅसिटिव्ह मोजमाप करू म्हटलं, तर १ सेंटिमीटर लांबीला कपॅसिटन्स येतो सुमारे ०.०३ पिकोफॅरड. ब्रेडबोर्डवरच्या दोन शेजारच्या ओळींमध्येही याहून बराच जास्त असतो.

मग काय करायचं? उष्णतेला तीनशे मायक्रॉनच्या भिंतीची फारशी अडचण होत नाही. म्हणून पहिला प्रोजेक्ट हीटरचा घ्या. २०० बाय ३५ मायक्रॉनचं, १० सेंटिमीटर लांबीचं नागमोडी चॅनल गॅलियम-इंडियमने भरलं तर रेझिस्टन्स सुमारे ४.२ ओहम. ०.३ अँपिअर सोडला तर सुमारे ०.३८ वॅट. शेजारच्या चॅनलमधलं पाणी किती तापतं ते थर्मोकपलने मोजा, गणिताशी ताडून बघा. डीएनए वाढवणाऱ्या पीसीआरला ९५ अंशांपर्यंत जावं लागतं, पेशी वाढवायला ३७ अंश पुरतात. धातू महाग आहे खरा, पण या चॅनलमध्ये तो मावतो साडेचार मिलिग्रॅमसुद्धा नाही. फक्त लॅपटॉप आणि ॲल्युमिनियमची कुठलीही वस्तू लांब ठेवा. गॅलियम ॲल्युमिनियममध्ये शिरून त्याला ठिसूळ करतं.

शेवटी एक खरी गोष्ट

पीडीएमएसची चिप लॅबमध्ये कितीही छान चालली तरी ती ग्लुकोमीटरच्या पट्टीसारखी लाखांनी निघत नाही. प्रत्येक तुकड्याला क्युअर व्हायला वेळ लागतो, औषधांचे काही रेणू हे रबर स्वतःच शोषून घेतं, आणि पातळ धातू भरलेली चिप कुरियरने पाठवायची तर धास्तीच. पट्टीवरचे इलेक्ट्रोड शाई छापावी तसे छापता येतात, म्हणून ती घरोघरी पोचली. टेस्ट दवाखान्यापर्यंत जाणार की पेपरमध्येच राहणार, हे बऱ्याचदा सेन्सर किती हुशार आहे यापेक्षा तार कशी बसवली यावर ठरतं. हा प्रश्न मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, केमिकल असा कुठल्याही एका ब्रँचचा नाही, आणि तो अजून सुटलेला नाही.

क्लीनरूमशिवाय अडलंच, तर आय.आय.टी. मुंबई आणि बंगळूरच्या आय.आय.एस्सी.मध्ये बाहेरच्या संशोधकांना नॅनो-फॅब्रिकेशनची सुविधा वापरता यावी म्हणून २००८ साली इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूजर्स प्रोग्राम सुरू झाला. गाइड सरांना त्याबद्दल जरूर विचारा. पण तिथे जाण्याआधी आपल्या पीसीबी लॅबमध्ये ३५ मायक्रॉनचा एक साचा तरी बनवून बघा. बोर्ड, फेरिक क्लोराइड आणि इस्त्री, तिन्ही वस्तू आपल्याच कॅम्पसमध्ये आहेत. इस्त्री तर बहुतेक तुमच्या शेजारच्या रूममध्येच असेल, फक्त परत करताना टोनर पुसून द्या!